राजमहेंद्रीच्या कातीव झरण्या

त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आणि नाशिकच्या रामकुंडांत आपल्याला घरच्यासारखी वाटणारी गोदावरी तेराशेंहून अधिक किलोमीटर चालून आंध्र देशांत राजमहेंद्रीस पोंचते, तेव्हां तिला ओळखणें कठीण पडतें. पश्चिमेकडून येणारी आगगाडी कोव्वूर सोडून पुलावर चढली म्हणजे कितीतरी वेळ दोहों बाजूंस पाणीच पाणी दिसतें. पात्राची रुंदी येथें अडीच किलोमीटरांच्या घरांत आहे. १९०० सालीं खुला झालेला जुना हॅवलॉक पूल १९९७ पासून नुसता उभा आहे. गाड्या त्यावरून जात नाहींत. जवळच १९७४ चा दुमजली पूल आहे, खालीं रूळ व वर सडक. गुरु सिंह राशीस आला म्हणजे नाशकास सिंहस्थ भरतो, त्याच योगावर येथें पुष्करम् भरतें; म्हणून नाशिककरास हें गांव अगदींच परकें वाटूं नये. २०१५ सालीं तो योग आला, आणि त्याच वर्षीं सरकारनें गांवाचें राजमहेंद्रवरम् हें नांव पुन्हां रूढ केलें. आपल्या जिभेवरचें नांव राजमहेंद्री, तेंच मी येथें ठेवतों.

घाटावर स्नान झालें, अकराव्या शतकांत राजराजनरेंद्राच्या आश्रयानें नन्नय कवीनें तेलुगु महाभारताचा आरंभ केला तें हेंच गांव हें स्मरून समाधानहि झालें. परंतु मी गेलों होतों झरण्या घेण्यासाठीं. माझा एक जुना विद्यार्थी नाशकांत नांवें कोरण्याचा धंदा करतो. त्याचे वडील लग्नांतल्या भांड्यांवर छिन्नीनें ठिपके पाडून नांव घालीत असत. स्टीलचे डबे घरोघर झाले आणि आहेराच्या जागीं पाकिटें आलीं, तसें तें काम आटत गेलें. मुलानें मग सत्काराच्या भेटवस्तूंकडे मोर्चा वळविला. निवृत्त होणारा मुख्याध्यापक, मुंज झालेला बटु, पदवी मिळविलेली नात, यांस द्यावयाची वस्तु म्हणजे पेन. बाजारी पेनावरचा मुलामा वर्षभरांत उडतो आणि त्याबरोबर नांवहि उडतें, ही त्याची तक्रार. तो मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही तिकडे जाणारच आहां, तर हातानें केलेल्या शंभर पेनांचा भाव काढून आणा. घाऊक म्हणून वीस टक्के तरी सोडवाच.” झरणी हा शब्द हल्लीं कोणी वापरीत नाहीं, शाई झरते ती झरणी, इतका सरळ शब्द आपण कां टाकला हें मला कळलेलें नाहीं.

राजमहेंद्रीच्या या धंद्याचा आपल्या वर्ध्याशीं संबंध आहे. के. व्ही. रत्नम् नांवाचे येथील एक सोनारकाम जाणणारे कारागीर १९२१ च्या सुमारास महात्माजींस भेटले, आणि लोकांच्या रोजच्या उपयोगाची एखादी स्वदेशी वस्तु करा असें महात्माजींनीं त्यांस सुचविलें, असें सांगतात. १९३२ पासून रत्नम् यांनीं झरण्या करण्यास आरंभ केला. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या हातीं त्यांनीं एक झरणी वर्ध्यास पाठविली. महात्माजींनीं ती वापरून पाहिली व १९३५ च्या जुलैंत पत्र लिहून आभार मानले. बाजारांतल्या परदेशी झरण्यांच्या जागीं ही चालण्यासारखी आहे, असा त्या पत्राचा आशय होता. आधीं वापरणें व मग अभिप्राय देणें, हा क्रम सत्कारांच्या भाषणांत क्वचितच पाळला जातो.

मी ज्या कारखान्यांत बसलों तो या नामांकितांपैकीं नव्हे. एक खोली, दोन चरक, साठीच्या पुढचा कारागीर व त्याचा भाचा. मुलगा हैदराबादेस नोकरीला गेला आहे. मी शिक्षक होतों हें कळल्यावर तो मला “मास्टारु” म्हणूं लागला आणि मोडक्या हिंदींत सर्व समजावून सांगूं लागला. झरण्या एबोनाइटच्या. रबरांत भरपूर गंधक घालून तें तापविलें म्हणजे शिंगासारखा कठीण पदार्थ होतो, तो हा. त्याच्या कांड्या येतात. कांडी करवतीनें तोडावयाची, चरकावर धरून पोकळ करावयाची, बाहेरून कातावयाची. छिलके काळ्या फितीसारखे निघतात आणि खोलींत गंधकाचा वास भरतो. आटे पाडण्याचें काम मीं सर्वांत अधिक वेळ पाहिलें. कंगव्यासारखें दांतेरी हत्यार फिरत्या कांडीला लावून हात ठराविक वेगानें सरकवावा लागतो. वेग चुकला कीं आटा दुहेरी पडतो आणि कांडी फुकट जाते. शाई या झरणीच्या पोटांतच भरतात, आंत निराळी नळी नसते; म्हणून आटा सैल राहिला तर खिसा काळा झालाच. पुढें बारीक होत जाणाऱ्या पॉलिशकागदांनीं घासणें, कापडी चाकावर चकाकी आणणें, आणि शेवटीं निब व तिच्याखालची जीभ बसविणें. कोऱ्या कागदावर रेघोट्या काढून, निब पुन्हां काढून, पुन्हां बसवून पाहण्यांत त्यानें एका झरणीवर पाऊण तास घालविला.

भावाची गोष्ट मीं दुसऱ्या दिवशीं काढली. खरा भाव येथें छापीत नाहीं. तो त्याचा व्यवहार आहे. रीत समजावी म्हणून आकडे कल्पित घेतों. समजा, कांडीस १२० रुपये व निबेस १८०. कारागिराचा रोज १००० आणि दिवसाच्या झरण्या चार, म्हणजे मजुरी २५०. दहांत एक कांडी वायां जाते असें धरलें, तर दहांची कांडी व मजुरी मिळून ३७०० रुपये नऊ झरण्यांवर बसवावे लागतात. दर झरणीस सुमारें ४११. निब धरून ५९१. भाडें, वीज, पॉलिश व देखरेख मिळून भाव ७०० झाला. आतां घाऊक घेणारा वीस टक्के, म्हणजे १४० रुपये, सोडा म्हणतो. कांडीवाला सोडणार नाहीं, निबवाला सोडणार नाहीं, घरमालक तर नाहींच. मग ते १४० निघावयाचे कोठून? त्या २५० मधून; राहिली मजुरी ११०. मागणारा झरणीच्या किमतीचा पांचवा हिस्सा मागतो असें त्याला वाटतें, आणि जातो कारागिराच्या रोजाचा निम्म्याहून अधिक भाग. यंत्राच्या मालाला लावलेला घाऊकीचा नियम येथें लागूं पडत नाहीं, कारण शंभरावी झरणी पहिलीइतकाच वेळ खाते.

कारागीर मात्र अडून बसला नाहीं. सर्व झरण्या एकाच मापाच्या घेतल्या तर चरकाची मांडणी वारंवार बदलावी लागत नाहीं. तेवढी सूट, झरणीमागें थोडक्या रुपयांची, त्यानें आपण होऊन देऊं केली. शंभर झरण्या महिन्याभरांत देण्यास त्यानें स्पष्ट नकार दिला. घाई झाली कीं पाऊण तासाची निब दहा मिनिटांत बसते, आणि मग गिऱ्हाईक पुन्हां दारांत येत नाहीं, असें तो म्हणाला.

मीं नाशकास दूरध्वनि केला. विद्यार्थी प्रथम नाराज झाला. “गुरुजी, इतक्या भावाचें पेन गिऱ्हाइकाला महाग वाटेल,” असें त्याचें म्हणणें. मीं त्याला वरचा हिशेब तोंडीं सांगितला आणि विचारलें, “अरे, तुझ्या वडिलांनीं भांड्याचा भाव व नांवाचा भाव कधीं एक केला होता का? भांडें दुकानचें, अक्षरें त्यांचीं.” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग वीस झरण्यांना कबूल झाला. पाटीवर झरणीचा भाव निराळा व अक्षराचा निराळा लिहावयाचा, आणि आपला नफा अक्षरांत धरावयाचा, असें ठरलें.

कोरण्याविषयींहि विचारून घेतलें. एबोनाइट ठिसूळ असतें. पितळेवर चालते तशी ठोक्याची छिन्नी येथें चालवली तर पोकळ दांडी तडकेल. दाबून ओढण्याची धारदार कोरणी घ्यावी, दांडी लांकडी खोबणींत बसवावी, आणि खाचेंत पांढरा किंवा सोनेरी रंग भरून वरचा पुसून काढावा. काळें एबोनाइट उन्हांत व ओलाव्यांत तपकिरी पडतें, हें विकतांना सांगावें. शाई संपत आली म्हणजे हाताच्या उबेनें आंतली हवा फुगून थेंब गळूं शकतो. तेव्हां पोट अर्धें रिकामें झालें कीं भरून घ्यावें.

वीस झरण्यांस दीड महिना लागेल असें ठरवून मीं विसार दिला. उठतांना कारागिरानें मला थांबविलें. “मास्टारु, नांवांची यादी आधीं पाठवा. लांब नांवाला दांडीचा सरळ भाग लांब ठेवीन.” यादी गेल्या आठवड्यांत गेली. तींत एका निवृत्त मुख्याध्यापिकेचें नांव माहेरच्या आडनांवासह सत्तावीस अक्षरांचें आहे.