न वापरलेली रिळं

हवाई युद्धाचं जुनं चित्रण जमवणाऱ्याने तयार माहितीपटापेक्षा त्यातून वगळलेल्या रिळांवर जास्त जीव लावावा, असं मला मनापासून वाटतं. दिग्दर्शक विल्यम वायलर यांचं उदाहरण घ्या. १९४३ साली अमेरिकी आठव्या हवाई दलाच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांतून, इंग्लंडमधल्या तळांवरून उडत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण केलं. हजारो फूट उंचीवर, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा आणि हाडं गोठवणारी थंडी, असं ते काम होतं. हॅरोल्ड टॅननबॉम हा त्यांचा सहकारी विमान पाडलं गेल्याने मारला गेला. या सगळ्यातून १९४४ मध्ये ‘मेम्फिस बेल’ हा जेमतेम पाऊण तासाचा माहितीपट निघाला. बाकीचं तासन् तास चित्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिलं आणि २०१८ मध्ये त्यातूनच एरिक नेल्सन यांनी ‘द कोल्ड ब्लू’ घडवला.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं सरकारी प्रचारासाठी काढलेलं, मग त्याचा पुरावा म्हणून उपयोग काय? प्रचार होता हे खरंच आहे. माहितीपटात एका विमानाची एक मोहीम दिसते, पण ती अनेक उड्डाणांची आणि अनेक विमानांची दृश्यं जोडून रचलेली आहे. विमानातले संवादही त्या जवानांकडून नंतर हॉलिवूडमध्ये बोलून घेतलेले, कारण आकाशातली मूळ रिळं मुकी होती. परंतु ही रचना कुठे आणि कशी झाली, हे दाखवणारा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे तीच मूळ रिळं. कॅमेरा कुठे रोखायचा हे माणूस ठरवतो, तरी चौकटीत काय काय शिरेल यावर त्याचा पूर्ण ताबा नसतो. संकलकाला जे निरुपयोगी वाटलं, तेच इतिहासाच्या अभ्यासकाला बोलकं ठरतं. म्हणून संग्राहकाने रीळ कापू नये, त्याचा क्रम बदलू नये, डब्यावरची मूळ चिठ्ठी फाडू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा छंद युद्धाचं कौतुक तर करत नाही? तरुणपणी अशा चित्रणाकडे ओढ लागते ती विमानांमुळे; पंखांचा आकार, इंजिनांची संख्या, शेपटीवरची खूण. वय वाढतं तशी नजर विमानावरून माणसावर येते. मिसरूडही न फुटलेले ते चेहरे दिसू लागतात, आणि खाली उमलणारा धूर कुणाच्या तरी गावावरचा आहे हे टोचू लागतं. पराक्रमाची गोष्ट सांगायला निवडक क्षण पुरतात. न कापलेल्या रिळात मात्र कंटाळा, ताटकळणं, भीती हे सारं राहतं आणि त्या गोष्टीला खोडून काढतं.

उरला प्रश्न, की संगणकावर प्रत उतरवल्यावर फिल्म कशाला सांभाळायची? वायलर यांची कोडाक्रोम फिल्म अशी, की कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन अंतिम चित्र होते. मागे निगेटिव्ह नसते. १९४४ च्या प्रेक्षकांनी त्याच्या वाढवलेल्या ३५ मिलिमीटर प्रती पाहिल्या. आजच्या स्कॅनरने त्याच मूळ पट्ट्यांतून कितीतरी अधिक तपशील काढला. उद्याचं यंत्र कदाचित आणखी काढेल. प्रत ही तिच्या काळातल्या यंत्राएवढीच चांगली असते. अर्थात मूळही अमर नाही. अ‍ॅसिटेटची पट्टी उष्णतेत, दमटपणात सडते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. नायट्रेटची तर पेट घेते. १९७८ मध्ये मेरीलँडमधल्या सूटलंडच्या भांडारात युनिव्हर्सलच्या वार्तापटांची लाखो फूट फिल्म जळाली, आणि २००३ मध्ये पुण्यातही जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांची नायट्रेट रिळं आगीत गेली. म्हणून दुर्मीळ रीळ घरच्या कपाटात दडवून ठेवण्यात मला मोठेपणा दिसत नाही. ते थंड, कोरड्या भांडारात सोपवावं, त्याची चांगली प्रत काढावी आणि ती अभ्यासकांना खुली करावी. संग्राहकाचा हक्क रिळाच्या मालकीपेक्षा त्याच्या राखणीवर उभा आहे, आणि राखण कशी झाली हे पुढच्या पिढीला काय पाहायला मिळतं यावरूनच ठरेल.