टेन्शन कुणाला जास्त?

साहेबाच्या डोक्याला ताप जास्त. हाताखालच्याचं काय, सांगितलं तेवढं केलं की सुटला, असं आपण सर्रास मानतो. मला हे पटत नाही, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास 1967 साली सुरू झाला. सुमारे 18 हजार पुरुष, सगळे एकाच सरकारचे पगारदार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मिळणारी. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा शिपाई-दरवानांत सुमारे तिप्पट निघालं. बरं, फरक फक्त दोन टोकांत नव्हता. हुद्दा एकेक पायरी उतरत जाई तसा धोका वाढत होता. खालची माणसं सिगारेटी जास्त ओढत असतील, हा आक्षेप लगेच येतो. ओढत होतीच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही फरकाचा मोठा भाग उरला. 1985 साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकाही होत्या. आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांना हृदयविकार जास्त होतो, असं त्यातून दिसलं.

शरीर कसं चालतं ते पाहिलं की याचं नवल वाटत नाही. धोका जाणवताच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पचन मंदावतं, जखम झालीच तर रक्त लवकर गोठावं अशी तजवीज होते. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम, परीक्षेच्या दिवशीही ती कामी येते. म्हणून ताण मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. पण सुटका कधी, हेच कळत नसेल तर ही तयारी उतरतच नाही. रक्तदाब चढा राहतो, झोप तुटते, रोगाशी लढायची ताकद खालावते. 1970च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये संशोधक जे वाइस यांनी उंदरांच्या जोडीला शेपटीवर सारखेच विजेचे झटके दिले. त्यातल्या एकाला चाक फिरवून दोघांचाही झटका थांबवता येई. दुसऱ्याला काहीच करता येत नसे. झटके तेवढेच, तरी जठरातल्या जखमा, म्हणजे अल्सर, दुसऱ्याला कितीतरी जास्त. माणसाच्या अल्सरमागे जिवाणू असतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, 2005 साली त्यांना नोबेलही मिळालं. मग ताणाचा दोष संपला, असं काहीजण म्हणतात. पण तो जिवाणू पोटात असलेल्या बहुतेकांना अल्सर होतच नाही. एक कारण सापडलं म्हणून दुसरं बाद होत नाही.

प्राणायाम, ध्यान यांचा उपयोग होतो, हे मी मान्यच करते. संथ श्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते. माझी तक्रार एवढीच, की ज्या बाईला उद्याची कामाची पाळी आज रात्री कळते, रजा मागितली तर नोकरी जाईल अशी धास्ती असते, तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगून आपण मोकळे होतो. तिचं शरीर बिघडलेलं नाही; धोका खरा आहे आणि शरीर त्याला चोख उत्तर देतंय. दवाखान्यात तिचा रक्तदाब मोजतात, जेवणातलं मीठ विचारतात. कामाच्या वेळा कोण ठरवतं, हा प्रश्नही केसपेपरवर यायला हवा.