नंबर तोच, कंपनी नवी

आमच्या शाळेच्या गावात माझ्या सिमला रेंजच येईना. सगळे म्हणाले, "गुरुजी, नवीन सिम घ्या, नवीन नंबर घ्या." पण माझा नंबर ऊसतोडीला गेलेल्या पालकांकडे चिठ्ठीवर लिहिलेला. तो बदलला तर ते मला शोधणार कुठं?

म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. ही सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे. पद्धत सोपी आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि मेसेज १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चारच दिवस चालतो. तो आणि आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. कोड फोनवर कुणालाही सांगू नका. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. उरलेला बॅलन्स मात्र सोबत येत नाही, तो आधी वापरून टाका. जुनं सिम बंद पडेपर्यंत काढू नका.

नवीन सिम चालू झालं त्याच आठवड्यात एका वडिलांचा फोन आला. "गुरुजी, पोरीचं नाव इथल्या शाळेत घालायचंय, पण हमी कार्ड घरीच राहिलं." लगेच दुसरं कार्ड भरून त्याचा फोटो पाठवला. पोरगी दोन दिवसांनी तिथल्या वर्गात बसली.

तुमचाही नंबर कुणाच्या तरी चिठ्ठीवर असेल. कंपनी खुशाल बदला, नंबर जपा.