सहा युरोंचा हिरवा स्टिकर

‘परदेशातले अनुभव’ या सदरासाठी लिही म्हणून मंडळाकडून दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा मी ‘ऑफिसात रिलीज आहे’ म्हणून टाळलं. खरं कारण असं की आमच्या इकडच्या आयुष्यात लिहिण्यासारखं फारसं घडत नाही. सकाळी ऑफिस, संध्याकाळी वरण-भात, शनिवारी वाणसामान. पण एक गोष्ट मनात अडकून राहिली आहे. ती गाडीच्या काचेवरच्या एका स्टिकरची आहे. तीच सांगतो.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. इथे आल्यावर वर्षभरात एका सहकाऱ्याकडून जुनी गाडी घेतली. २००३ सालची, डिझेलची, मागे भरपूर जागा असलेली. स्वस्तात मिळाली, कारण इथे डिझेल गाडीचा रोड टॅक्स जबर असतो आणि लोक ती गळ्यातून काढायला बघत असतात. पण गाडी ठणठणीत होती. दरवर्षीच्या सरकारी तपासणीत बिनतक्रार पास व्हायची. मागून धूर दिसत नसे. निदान मला तरी कधी दिसला नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. करोनामुळे दोनदा फिसकटलेला बेत अखेर जमला. बाबांना जर्मनीतल्या कलोन शहराचं प्रचंड चर्च बघायचं होतं. त्यांच्या ऑफिसात म्हणे कधीकाळी एका कॅलेंडरवर त्याचा फोटो होता. आमच्या घरापासून गाडीने दोन तासांच्या आत. शनिवारी सकाळी डबा घेऊन निघू, रात्री परत येऊ, असं ठरलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याने विचारलं, “तुझ्या गाडीला प्लाकेटे आहे ना?”

हे प्रकरण तेव्हा पहिल्यांदा कळलं. जर्मनीत बऱ्याच मोठ्या शहरांचा मधला भाग ‘उमवेल्टत्सोने’ म्हणजे पर्यावरण क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे. १ जानेवारी २००८ला बर्लिन, कलोन आणि हॅनोव्हरपासून त्याची सुरुवात झाली. कारण हवेतली बारीक धूळ. युरोपीय नियमाप्रमाणे १० मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचं दिवसाचं प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षात ३५पेक्षा जास्त दिवस जाता कामा नये, आणि गर्दीच्या रस्त्यांवर ते सर्रास जायचं. म्युनिकच्या एका वाहत्या रस्त्यावर राहणारे डीटर यानेचेक या प्रश्नावर थेट कोर्टात गेले. २००८च्या जुलैत युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हवा बिघडण्याचा धोका असेल, तर ती सुधारण्याचा आराखडा करा अशी मागणी करण्याचा सामान्य रहिवाशाला हक्क आहे. हे मी नंतर वाचलं आणि मला फार आवडलं. एका माणसाने म्हणायचं, माझ्या खिडकीबाहेरची हवा वाईट आहे, तुम्ही काय करणार ते कागदावर द्या.

तर या क्षेत्रात शिरायचं तर काचेवर स्टिकर हवा. लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. सुरुवातीला तिन्ही चालायचे, मग लाल बाद झाला, मग पिवळा. आता जवळजवळ सगळीकडे फक्त हिरवाच चालतो. गाडी परदेशी असली तरी सुटका नाही. इलेक्ट्रिक गाडीलासुद्धा, जिला धुराचं नळकांडंच नाही, हा स्टिकर लावावा लागतो. नसला तर दंड १०० युरो. आमच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमला कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि जुनी डिझेल गाडी ओळखतात, म्हणून तिकडे आम्ही आगगाडीनेच जायचो. जर्मनीत कॅमेरा नाही. पोलीस किंवा पार्किंगवाला काचेकडे बघतो, एवढंच.

संध्याकाळी बाबांना घेऊन सरहद्दीपलीकडच्या पहिल्या गावातल्या वाहन तपासणी केंद्रात गेलो. मला वाटलं होतं, गाडीला नळी लावतील, इंजिन रेस करायला सांगतील. काउंटरवरच्या गृहस्थाने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आमचं नोंदणी कार्ड घेतलं, इंधन बघितलं, पहिल्या नोंदणीची तारीख बघितली. परदेशी गाडीचा उत्सर्जन वर्ग कागदावर सिद्ध करता येत नसेल तर तारखेवरून ठरवतात. पेट्रोल असेल आणि १९९३ किंवा त्यानंतरची असेल, तर हिरवा. डिझेल असेल तर २००६पासून पुढची हवी. २००१ ते २००५मधल्या डिझेलला पिवळा.

“मागाहून काजळीचा फिल्टर बसवला आहे का?” त्याने विचारलं. बसवला नव्हता. “मग मी तुम्हाला पिवळा देऊ शकतो. पण तो घेऊन तुम्ही कुठे जाणार? सहा युरो वाचवा.”

बाबा बाहेर येऊन हसायला लागले. “अरे, ही तर आपली पीयूसीच झाली. गाडी न बघता!”

त्यांचा रोख मला कळला. इंजिनिअरिंगला असताना मी त्यांच्या स्कूटरची पीयूसी आणायचो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात व्हॅन उभी असायची. मुलगा नंबरप्लेटचा फोटो काढायचा, पैसे घ्यायचा, कागद द्यायचा. नळी व्हॅनच्या आरशाला गुंडाळलेली असायची, ती कधी सोडलेली मी पाहिली नाही. मीही कधी म्हटलं नाही की बाबा रे, एकदा लावून तर बघ. उलट लवकर काम झालं म्हणून बरं वाटायचं. इथे फरक इतकाच की या माणसाने गाडी न बघता ‘नाही’ म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी इथल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, “बिनधास्त जा. दिवसभरात कोण बघतंय? आणि बघितलंच तर १०० युरो. चौघांच्या तिकिटाचेच तेवढे होतात.” मला पटलं. बाबांनाही पटलं. बायको म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा.

आई डब्यासाठी मेथीची भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, “म्हणजे आपली गाडी त्या टेम्पोसारखी आहे का रे?”

आपल्या इंदूरच्या ज्या वाचकांनी ते टेम्पो पाहिलेत त्यांना या प्रश्नाचं वजन सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिले त्यांच्यासाठी सांगतो. पुढे डुकरासारखं नाकाड, तीन चाकं, आत कोंबलेली माणसं आणि मागे काळा लोट. आमच्या रामबागेतल्या घराच्या कोपऱ्यावर ते थांबायचे. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसायची. आईचा दमा तेव्हापासूनचा. डॉक्टर म्हणायचे, रस्त्याकडची खिडकी बंद ठेवा. मे महिन्यात बंद खिडकीच्या खोलीत उशीला टेकून बसलेली आई मला अजून दिसते. २००५-०६च्या सुमारास सिटी बस आल्या आणि ते टेम्पो हळूहळू गेले. कुठे गेले याचा विचार आम्ही केला नाही. पुढे एकदा देवासच्या पलीकडे मामांच्या गावी गेलो, तर तिथल्या बाजारात एक उभा. पाटीवर पुसट झालेलं ‘राजवाडा’ अजून वाचता येत होतं.

गंमत अशी की ‘टेम्पो’ हे नावच मुळी जर्मनीचं. हॅम्बुर्गमधल्या एका कारखान्याच्या तीनचाकी मालगाडीचं ते नाव. भारतात परवाना घेऊन ती बनू लागली आणि आपल्याकडे तो शब्द सगळ्याच छोट्या मालगाड्यांना चिकटला. जर्मनीने ते मॉडेल केव्हाच सोडलं, आपण मात्र ते कित्येक वर्षं चालवलं.

आईला मी सांगितलं, तशी नाही गं, आपल्या गाडीचा धूर दिसत नाही. ती म्हणाली, “दिसत नाही म्हणजे निघत नाही का?” आणि परत भाजी निवडू लागली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी इंजिनिअर आहे, मला उत्तर येत होतं. डिझेलच्या धुरातले सगळ्यात त्रासदायक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसात सगळ्यात खोल जातात. हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शहराबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून आम्ही लोकल गाडीने कलोनला गेलो. त्या उन्हाळ्यात जर्मनीत ९ युरोंचं तिकीट होतं. महिनाभर देशातल्या कुठल्याही लोकल गाडीने, बसने, ट्रामने फिरा. चौघांचे ३६ युरो. मित्राचा हिशेब साफ चुकला होता. बाबा हे तिकीट खिशातून काढून काढून बघत होते. गाडीला गर्दी मात्र आपल्याकडच्या पॅसेंजरसारखी.

ते चर्च १५७ मीटर उंच आहे. १२४८ला बांधायला घेतलं आणि १८८०ला पूर्ण झालं. बाबा मान वर करून बराच वेळ उभे राहिले. आई म्हणाली, “एवढं काळं का झालंय?” त्यातला बराचसा काळेपणा कोळशाच्या धुराचा. रेल्वे स्टेशन अगदी पायथ्याशी आहे आणि कोळशाची इंजिनं तिथे वर्षानुवर्षं धूर सोडत होती. आईने जवळ जाऊन दगडाला बोट लावून पाहिलं, काजळी येते का म्हणून. आली नाही.

मग ऱ्हाइनच्या काठी बाकावर बसून मेथीचे पराठे खाल्ले. समोरून मालवाहू जहाजं जात होती, एकामागून एक, धुराड्यातून धूर सोडत. बाबांनी विचारलं, “यांना कुठल्या रंगाचा स्टिकर?” कुठल्याच नाही, नियम रस्त्यावरच्या वाहनांना. आणि रस्त्यावरच्याही दुचाकी-तीनचाकींना माफी आहे, हे सांगितल्यावर तर त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. “म्हणजे माझी टू-स्ट्रोक स्कूटर या चर्चसमोर उभी राहिली असती आणि तुझी ही मोटार नाही!” स्वच्छतेत २०१७पासून पहिला नंबर असलेल्या गावचा माणूस. पुढचा तासभर त्यांनी कलोनच्या रस्त्यांवरचे सिगारेटचे थोटके मोजले. आईने संध्याकाळी नेहमीसारखाच पंप घेतला. एका दिवसात हवेने चमत्कार केला वगैरे काही झालं नाही.

आई-बाबा परत गेले. गाडी विकायचं मात्र माझ्या डोक्यात बसलं. भंगारवाला शंभर-सव्वाशे युरो देत होता. दुसरा एक व्यापारी साडेआठशे द्यायला तयार होता. मी सहज विचारलं, एवढी जुनी गाडी घेऊन करणार काय? तो म्हणाला, “इथे नाही विकायची. जहाजाने आफ्रिकेत जाते. तिकडे हे इंजिन अजून वीस वर्षं चालेल.” त्याने बॉनेटवर प्रेमाने थाप मारली.

घरी येऊन मी वाचत बसलो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२०च्या अहवालात होतं की २०१५ ते २०१८ या काळात जगभरात सुमारे १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या, आणि त्यातल्या सुमारे ४० टक्के आफ्रिकेत. देवासपलीकडच्या बाजारातली ती ‘राजवाडा’ची पाटी डोळ्यांसमोर आली. बायको म्हणाली, “सातशे युरोंचा फरक आहे. आणि ती नाही गेली तर दुसरी जाईल. तिकडच्या लोकांनाही गाडी हवीच ना?” तिचं चूक आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी साडेआठशे घेतले.

नंतर २०११ची पेट्रोल गाडी घेतली आणि त्याच तपासणी केंद्रात गेलो. माणूस तोच. त्याने ड्रॉवरमधून तळहाताएवढा हिरवा गोल काढला, त्यावर मोठा ४ छापलेला. खालच्या पांढऱ्या पट्टीवर आमचा डच नंबर जाड पेनाने, बँकेच्या चेकवर लिहावा तसा, सावकाश लिहिला. गाडीच्या पुढच्या काचेला आतून, उजव्या खालच्या कोपऱ्यात लावायचा. काढायला गेलं की फाटतो, म्हणजे एकाचा दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. सहा युरो. इंटरनेटवर काही जण हाच तिप्पट-चौपट किमतीला विकतात, तेव्हा कुणी नातेवाईक या बाजूला येणार असतील तर थेट तपासणी केंद्रात जा. नंबर तोच आणि वाचता येत असेतोवर तो संपूर्ण जर्मनीत चालतो, मुदत नाही. आता काही शहरं हवा सुधारली म्हणून ही क्षेत्रं रद्दही करू लागली आहेत. ज्या हॅनोव्हरने पहिल्या दिवशी सुरुवात केली होती, त्याने २०२४मध्ये आपलं क्षेत्र रद्द केलं.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आईला स्टिकर दाखवला. काचेजवळ फोन नेला, नंबर वाचून दाखवला. ती खूश झाली. “छान आहे. आता कुठेही जाता येईल तुम्हाला.” मग म्हणाली, “आणि जुनी गाडी?”

“विकली.”

“कुणाला रे?”

“एका माणसाला,” मी म्हणालो, आणि बाबा कुठे आहेत ते विचारलं.