फोटोचा मुहूर्त



'मुहूर्त' हा शब्द पाहून काही धम्मबांधव आमच्यावर रागावतील. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हापासून आपल्या घरांतून पंचांग गेले ते गेलेच. आमच्या घरी लग्न असो की नामकरण, रविवारची सुट्टी हाच आमचा मुहूर्त. पण एका कामाला वेळ पाहावी लागते, आणि ती चुकली की पुन्हा येत नाही, हे आम्ही ठेच लागून शिकलो. ते काम म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो काढणे.

2009 साली आमचे वडील गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी ठेवायला त्यांचा फोटो हवा होता. आम्ही पत्र्याची ट्रंक उपसली, कपाटाचे कप्पे पालथे घातले. नातेवाइकांच्या लग्नांचे फोटो निघाले. त्यांत वडील होते, पण पंगतीच्या मागे, हातात आमटीची बादली आणि अर्धे तोंड दुसऱ्याच्या खांद्याआड. जन्मभर दुसऱ्याच्या कार्यात राबलेल्या माणसाचा स्वतःचा असा एकही फोटो नव्हता. शेवटी गिरणीच्या जुन्या पासावरचा बोटाच्या पेराएवढा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने त्याच्या समजुतीने चांगलेच केले. सदऱ्याच्या जागी कोट-टाय चढवला आणि चेहरा उजळून गोरा केला. फोटो घरी आणला तेव्हा आईने तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्यो कोण?"

आज आम्ही चाळिशी ओलांडून पुढे गेलो, पण भिंतीवरचे वडील अजून पंचविशीचेच आहेत. आमचा मुलगा लहानपणी त्यांना काका समजायचा.

बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. पण आपल्या किती घरांत आजी-आजोबांचा फोटो आहे? पोटाला चिमटा घेऊन जगणारी माणसे स्टुडिओत कशाला जातील? फोटो निघायचा तो पासासाठी नाहीतर फॉर्मसाठी. म्हणजे साहेबाने मागितला तर.

बाबासाहेबांच्या घरचा एक फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. फेब्रुवारी 1934 मध्ये दादरच्या राजगृहात तो काढला. त्यात बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आहेत. घरचा लाडका कुत्रासुद्धा आहे. रमाई 27 मे 1935 रोजी गेल्या. म्हणजे तो फोटो आणि रमाईंचे जाणे यांत जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर. आम्ही जेव्हा जेव्हा तो फोटो पाहतो, तेव्हा मनात येते, 'सवडीने काढू' म्हटले असते तर?

आमच्या आईच्या बाबतीत आम्हीही 'सवडीने काढू' असेच म्हणत होतो. आई आता पंचाहत्तरीला आली. आम्ही राहतो वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. शंभर वर्षांपूर्वीच्या या चाळी आता जाऊन तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा नंबर अजून यायचा आहे. पण चाव्यांची बातमी आली तेव्हा लक्षात आले, की आईचे वय आणि आमची खोली, दोन्ही थांबणारी नाहीत.

मग आम्ही घाई केली आणि दोनदा फसलो. पहिल्यांदा 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर. आई तासन् तास रांगेत उभी राहून अभिवादन करून आली. पाय सुजलेले, डोळे ओले. आम्ही मोबाईल समोर धरला तशी तिने पदर तोंडावर ओढून घेतला. "आज न्हाई," एवढेच म्हणाली. आम्हांला आमचीच लाज वाटली. तो दिवस फोटोचा नव्हे, हे आम्हांला आधी कळायला हवे होते.

दुसऱ्यांदा एका रविवारी तिला राणीच्या बागेत नेले. मागे झाडी, फुले, सगळे छान. पण पोचेपर्यंत दुपारचे बारा झाले. ऊन थेट डोक्यावर, डोळे मिटलेले, भुवयांखाली काळे खड्डे. येणारे-जाणारे थांबून पाहायला लागले, तशी आई पिशवी पोटाशी धरून अंग चोरून बसली. फोटोत फुले उत्तम आली. आई मात्र कुणाची तरी वाट चुकलेली बाई दिसत होती.

आमच्या विहारात एक वयस्क उपासक येतात. सारी हयात त्यांनी फोटो स्टुडिओत काम केले. त्यांना आम्ही दोन्ही फोटो दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही जागा तुमच्या आवडीची निवडलीत, आईच्या नाही. आणि वेळ तर कुणाच्याच आवडीची नाही." मग त्यांनी समजावून सांगितले. बाहेर काढायचा तर सकाळी ऊन कोवळे असताना किंवा संध्याकाळी उतरत्या उन्हात, नाहीतर सावलीत बसवून. दुपारचे ऊन म्हाताऱ्या चेहऱ्याला मारते. घरात काढायचा तर खिडकीपाशी, पण खिडकी पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळाठिक्कर येतो. थेट उन्हाचा पट्टा अंगावर नको, नुसता उजेड हवा. आणि माणूस जिथे रोज बसतो तिथेच त्याला बसू द्यावे. तिथे त्याला हात कुठे ठेवायचे ते शिकवावे लागत नाही.

आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेची आहे. सकाळी तिच्यातून ऊन येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. गेली पन्नासएक वर्षे आई त्याच खिडकीखाली बसून तांदूळ निवडते. वडिलांची वाट पाहात ती तिथेच बसायची. संपाच्या काळात, 1982 साली, घरात दाणा नव्हता तेव्हाही तिथेच बसून तिने दुसऱ्यांच्या गोधड्या शिवल्या. एवढी चांगली जागा घरात असताना आम्ही तिला बागेत घेऊन गेलो होतो!

आता आईला विचारणे आले. आम्ही विषय काढला तशी ती सरळ आमच्या डोळ्यांत पाहात म्हणाली, "भितीवर टांगायला काढतोस व्हय रं?"

आमच्याने उत्तर देववले नाही. कारण खरे तेच होते. वडिलांच्या वेळची धावपळ पुन्हा नको, एवढाच हिशेब आमच्या मनात होता. कारकुनाचे डोके, कागद आधीच तयार ठेवायचा. आम्ही गप्प राहिलो. मग आईच म्हणाली, "टांगायचाच हाय तर आत्ता टांग. मला बी बघू दे की, मी कशी दिसती ती."

रविवार ठरला. नळाचे पाणी भरून झाले, आईचे त्रिसरण-पंचशील झाले, चहा झाला. साडेनऊचा सुमार. आम्ही पांढरे लुगडे नेसायला सांगणार होतो, पण तिने स्वतःच रोजच्या वापरातले तपकिरी लुगडे नेसले. "ह्येच बरं," म्हणाली. पत्नीने समोर सूप ठेवले. नातवाने मोबाईलमधली चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय बंद केली. ते आम्ही त्याला आधीच बजावले होते. आईचा रंग सावळा आहे. उन्हात खडी फोडून, डोक्यावर पाट्या वाहून तो आणखी रापला. तो रंग आणि त्या सुरकुत्या तिच्या कष्टाच्या आहेत. त्या पुसण्याचा हक्क कोणत्याही यंत्राला नाही.

फोटो काढतोय म्हणून कुणीच सांगितले नाही. पत्नीने फक्त विचारले, "आत्या, तुम्ही या खोलीत पहिल्यांदा आलात तेव्हा काय होतं हो इथं?" आई सांगू लागली, "एक चूल हुती, एक घोंगडं हुतं, आन् तुझा सासरा लाजत हुता." असे म्हणून ती हसली. नातवाने तेवढ्यात कळ दाबली.

तो फोटो आम्ही कागदावर काढून घेतला, मागे पेन्सिलीने आईचे नाव, माहेर-सासरचे गाव, साल आणि खोलीचा नंबर लिहिला, आणि चौकट करून भिंतीवर लावला. हार नाही, दिवा नाही. शेजारच्या बायका विचारतात, "आजी, जित्या माणसाचा फोटू?" आई ऐटीत सांगते, "माझ्या ल्योकानं मला बघायला लावलाय."

तेव्हा बंधु-भगिनींनो, फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही, महागडा कॅमेरा लागत नाही. शेजाऱ्याचा मोबाईल चालतो. लागते ती सकाळची एक घटका, रोजच्या बसण्याची जागा, आणि आपले माणूस खुशीत असण्याची वेळ. ती पंचांगात सापडत नाही. येत्या रविवारी नळाचे पाणी भरून झाले, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जरा बसा.

वडील गेल्यावर आमचा तो रविवार कायमचा हुकला. तुमचा हुकू नये, म्हणून हे चार शब्द.

जयभीम.