सुळेभावीचा स्वर

थोर माणसाचे नाव निघाले की तो आपला की त्यांचा, हा प्रश्न आमच्या सीमाभागात चहाच्या आधी पुढे येतो. पंडित कुमार गंधर्वांविषयी तो आम्ही शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी ऐकला आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले हे शिवपुत्र कोमकळी कानडी घरातले; विद्या मिळाली ती मुंबईस, प्रा. बी. आर. देवधर या मराठी गुरूंकडे. आणि पुढचे सारे आयुष्य गेले ते माळव्यातील देवासला. मग ते कोणाचे? उत्तराची घाई न करता त्यांच्या गाण्याकडे वळावे, हे बरे.

बालपणी शिवपुत्राने थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी जशीच्या तशी गळ्यात उतरवली होती. त्या वयातच एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. अशा मुलाचे जगाला कौतुक फार. आणि तीस वर्षे शाळेत घालवल्यावर आम्हांस एवढे कळले आहे की, पुष्कळ मुले त्या कौतुकापाशीच थांबतात. कुमार थांबले नाहीत. देवधरांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा असे. एकाच वाटेने जाण्याचा आग्रह तेथे नव्हता. विशीत येण्यापूर्वीच हा शिष्य तेथे शिकवूही लागला.

पुढे ऐन उमेदीत क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते पत्नी भानुमतीबाईंसह देवासला गेले. गाणे वर्ज्य, अंथरूण सुटेना, एक फुप्फुस कायमचे अधू झालेले. ज्याचे सर्वस्व गळ्यात, त्याने काही वर्षे मुके राहावयाचे! त्या काळात त्यांनी केले ते एकच : ऐकले. माळव्यातील बायकांची लग्नाची गाणी, ऋतूंची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. चारपाच स्वरांच्या त्या साध्या धुनांत त्यांना रागाचे बीज दिसले. १९५० नंतरच्या काळात नव्या औषधांनी प्रकृती सावरली आणि ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा पूर्वीच्या नकलेचा मागमूस उरला नव्हता.

त्यांचे गाणे ऐकताना प्रथम जाणवते ती तंबोऱ्याची सुरेल गाज. मग एखादा स्वर तीरासारखा येतो, आणि लगेच शांतता. दीर्घ श्वासाच्या लांबलचक ताना थोड्या. लहान, चपळ, विजेसारख्या चमकून जाणाऱ्या अधिक. मधल्या विरामांतही राग थांबत नाही. लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार यांसारखे राग बांधले. आपल्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ सिद्ध केला. परंपरेच्या अभिमान्यांना हे मानवले नाही. रागाची क्रमशः बढत कोठे गेली, असे त्यांनी विचारले. कुमारांनी आपला मार्ग सोडला नाही. बालगंधर्वांची पदे गातानाही त्यांनी कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या ‘उमजलेले’ शब्दात नक्कल आणि निर्मिती यांतले अंतर आले आहे. १९९० साली पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी ते गेले.

वाचकहो, आपण सारी महाराष्ट्राबाहेरची माणसे. बाहेरची भाषा घरात शिरली की मुले मराठीला मुकतील, ही धास्ती आम्ही पालकांच्या डोळ्यांत रोज पाहतो. शाळेचा पट रोडावताना पाहणाऱ्या आम्हांस ती खोटी म्हणवत नाही. परंतु दाराला कडी लावणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. सुळेभावीच्या मुलाने देवासच्या अंगणातले गाणे कान देऊन ऐकले, म्हणून त्याचे कानडीपण गेले नाही. कवी अनिलांची कविता गाताना मराठी त्याला परकी वाटली नाही. मात्र ऐकण्यापूर्वी त्याचा स्वतःचा षड्ज पक्का लागलेला होता. तेवढा आपल्या घरात रोजच्या बोलण्यातून, ओव्यांतून, वाचनातून लावून द्यावा. मग शेजारच्या आजींची कानडी गाणी मुलांनी खुशाल शिकावीत. आणि कुमार गंधर्व कोणाचे, याचे उत्तर त्यांनी आपले आपण द्यावे.