आमच्या वाड्याचा जमाखर्च

साताऱ्याच्या शनिवार पेठेत आमचा वडिलार्जित वाडा आहे, असे मी सांगितले की ऐकणारा माझ्याकडे आदराने पाहतो. वाड्यात सात बिऱ्हाडे आहेत म्हटले, की तो आदर दुप्पट होतो. सातही बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला ३७५ रुपये भाडे येते, हे मात्र मी सहसा सांगत नाही. वर्षाचे झाले ४,५०० रुपये. घरपट्टी भरतो ९,००० रुपये. म्हणजे घरमालक म्हणवून घेण्याची हौस मला दरसाल साडेचार हजारांना पडते. कौले आणि गवंडी निराळेच!

गेल्या भाऊबीजेला सौ.ला घेऊन सांगलीला मेहुण्यांकडे गेलो होतो. गावभागात त्यांची आठ बिऱ्हाडांची इमारत आहे; प्रत्येकी सहा हजार भाडे. फराळाचे ताट पुढे सरकवत ते म्हणाले, "दाजी, वर्षाला पावणेसहा लाख! तुमचा तो वाडा काढून टाका. शेजारची इमारत नव्वद लाखांना मिळतेय. अगदी अशीच आहे." सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ चाळीस वर्षे संसार केलेल्या पुरुषाला समजावून सांगावा लागत नाही.

पण माझा उभा जन्म हिशेब तपासण्यात गेला. म्हटले, "वही आणा." वर्षाचे भाडे ५,७६,०००. प्रत्येक जागा वर्षातून सरासरी एक महिना रिकामी राहते. त्याचे ४८,००० गेले. घरपट्टी-पाणीपट्टी ४०,०००. पंप, जिन्यातले दिवे, झाडलोट, रंगरंगोटी, गळती मिळून ८८,०००. उरले चार लाख. मग मी हळूच विचारले, "आणि कृष्णामाई?"

मेहुणे गप्प झाले. सांगलीकराला ते सांगावे लागत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. दर पुरात खालची दोन बिऱ्हाडे उठतात, भिंती वाळेपर्यंत जागा ओस पडते. त्यासाठी वर्षाला ४०,००० बाजूला टाकायलाच हवेत. उरले ३,६०,०००. म्हणजे नव्वद लाखांवर शेकडा चार! जागेची किंमत वाढते हे खरे, पण ती विकल्यावरच हातात येते. बँकेची मुदतठेव याहून जास्त देते, आणि तिच्यात पाणी शिरत नाही.

वही चाळताना आणखी एक गंमत दिसली. मेहुण्यांनी एका चांगल्या भाडेकरूचे भाडे एकाएकी ५०० रुपयांनी वाढवले. तो उठून गेला आणि जागा दोन महिने रिकामी राहिली. गेले १२,०००, नव्या भाडेकरूकडून वर्षाला जास्त मिळणार ६,०००. नुकसान भरून निघायलाच दोन वर्षे! रिकाम्या खोलीइतकी महाग खोली दुसरी नाही.

परतताना एस. टी.त सौ. म्हणाली, "माझ्या भावाचा हिशेब छान तपासलात. आपला कधी तपासणार?"

हा प्रश्न मला साताऱ्यापर्यंत पुरला. घरी येऊन मी भाडेनियंत्रण कायदा काढून बसलो. १९४७ च्या जुन्या कायद्याने भाडी गोठवली होती. त्याच्या जागी १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दरवर्षी चार टक्के वाढ घेण्याची मुभा दिली आहे. पंचावन्न रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये वीस पैसे. तेही मी संकोचाने कधी मागितले नव्हते. पण त्याच कायद्यात पुढे लिहिले आहे, की सत्तर टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने जागेत सुधारणा केली, तर खर्चाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाच्या भाड्यात वाढवता येते.

आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांना मिळून चौकाच्या टोकाला दोन संडास. पंचाहत्तरी उलटलेल्या काकू पावसाळ्याच्या रात्री विजेरी घेऊन तो निसरडा चौक ओलांडत. मी हे लहानपणापासून पाहत होतो. पण पाहणे आणि दिसणे यांत फरक असतो.

एका रविवारी सगळ्यांना चौकात बोलावले. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास. एकूण खर्च २,१०,०००. त्याचे पंधरा टक्के ३१,५००. म्हणजे प्रत्येकाला महिना ३७५ रुपये वाढ. चौकात शांतता पसरली. माझ्या पोटात गोळा आला. कायद्याप्रमाणे पाच सह्या हव्या होत्या.

पहिली सही काकूंनी केली. म्हणाल्या, "अरे बाळ, हे तुझ्या वडिलांनाच सांगणार होते. पण मागितलं तर भाडं वाढवतील, म्हणून गप्प बसले."

"आणि काकू, तुम्ही नाही म्हणाल म्हणून आम्ही विचारलं नाही."

सहा सह्या झाल्या. सातवे बिऱ्हाड पुण्याला राहणारे. दोन खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप, महिना ४५ रुपये. त्या गृहस्थांनी नवा आकडा ऐकला, थोडा विचार केला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. त्या खोल्या मी नोंदणीकृत करार करून महिना ३,५०० रुपयांनी दिल्या.

आता वाड्याचे वर्षाचे उत्पन्न ७२,९६० रुपये आहे. घरपट्टी निघते, कौलांसाठी काही उरते. मेहुण्यांच्या आकड्यापुढे ही रक्कम चिवड्यातल्या शेंगदाण्याएवढी. पण वाडा विकण्याचा विषय सौ.ने पुन्हा काढलेला नाही.

परवा काकू भाडे द्यायला आल्या. पदराच्या गाठीतून ४३० रुपये मोजून दिले आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"काय हवंय काकू?"

"पावती दे की!"

पंचावन्न रुपयांची पावती त्यांनी इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती.